कानाला पुरलेला हात

पोरीचं वय दोन वर्षांनी मी वाढवलं. त्यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही.

दसऱ्यानंतर आम्ही नवरा-बायको ऊस तोडायला जायचो. जावेने बजावलं होतं, "शाळंत जाणारं लेकरू ठेवते. घरात लोळणारं न्हाई." पोरगी चार वर्षांची. तिला शाळेत नेलं आणि सहाची म्हणून सांगितलं. तेव्हा वय बघायची रीत एकच होती. उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायचा. चार वर्षांच्या लेकराचा हात पुरत नाही. हिचा पुरला. अंगच लवचीक होतं. गुरुजींनी सगळ्यांची लिहायचे तशी एक जून तारीख लिहिली, वय सहा.

त्याच अंगामुळे तालुक्याच्या खेळांत एका सरांनी तिला हेरलं आणि पुण्याच्या वसतिगृहात नेलं. तिथे ती ट्रॅम्पोलिनवर, म्हणजे ताणलेल्या जाळीवर, उड्या मारायची. हवेत दोनदा उलटून पायांवर यायची. मी एकदाच गेले बघायला, तेव्हाही डोळे मिटून घेतले.

मग सरांचं पत्र आलं. चौदाच्या आतल्या मुलींचा संघ परदेशी जाणार होता. हिची निवड झाली होती, पण दाखल्यावर वय पंधरा. खरी ती तेराची, हे पोरीनेच सरांना सांगितलं होतं. आठ दिवसांत खरी जन्मतारीख सिद्ध करा.

कशाने करणार? ती जन्मली उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत. तिथे कोण नोंद ठेवतो? शाळेतले नवे हेडमास्तर म्हणाले, जुन्या गुरुजींनी लिहून दिलं तर बघू. गुरुजी पोखर्णीला राहायचे. विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत एसट्या बंद होत्या. मी पहाटे निघाले, चालत पोचले तेव्हा दुपार कलली होती.

"गुरुजी, पोरगी तवा चारचीच होती. मी खोटं बोलले, तसं लिहून द्या."

"आन् मी काय आंधळा होतो? कानाला हात पुरला की तिचा."

"तिचं अंगच तसं हाय. म्हणून तर निवडली."

"बाई, एकीचं वय चुकलं म्हणलं, की मी लिहिलेली समदी वही खोटी. पेन्शन हाय माझी."

मी पाय धरले. त्यांनी पाय मागे घेतले आणि बायकोला म्हणाले, "हिला पाणी दे. लय लांबून आली." मी पाणी न पिताच निघाले.

संघ गेला. हिला मोठ्या मुलींत टाकलं, तिथे हिचा नंबर लागेना. वर्षाने वसतिगृहानेही घरी धाडलं.

आली त्या दिवशी चुलीपुढे बसून म्हणाली, "आई, तवा माझा हात खरंच पुरला व्हता?"

"पुरला."

तिने उजवा हात डोक्यावरून घेतला. तो डाव्या कानाखाली, पार हनुवटीपर्यंत गेला. तशीच बसून राहिली. मी तो हात धरून खाली ओढला आणि भाकरी वाढली.