मशीन बदलवली म्हणे

"काका, बाकी काही नाई, फक्त एवढं सांगा, जुनी मशीन कुठं ठेवली?"

हे वाक्य आठवलं की अजूनही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. काका म्हणायचं, अहोजाहो करायचं, आणि भर बाजारात माणसाला चोर ठरवून मोकळं व्हायचं! बोलणारा आमच्या हिंगणघाटच्या कापड लाईनीतला मोठा दुकानदार. ऐकणारे माझे बाबा, त्याच रस्त्यावर समोरच्या अंगाला काचेच्या केबिनमध्ये बसून घड्या, म्हणजे घड्याळं, दुरुस्त करणारे. आणि भोवती बाजाराच्या दिवसाची सगळी गर्दी.

आधी त्या मनगटी घडीचं सांगते. दुकानदाराच्या वडिलांना, म्हणजे म्हाताऱ्या शेठजींना, त्यांच्या धाकट्या भावानं ती अमेरिकेहून पाठवलेली. सत्तरच्या दशकातली, सोनेरी, जाडजूड. काटे नाहीत, तबकडी नाही, नुसती गडद लाल काच. बाजूचं बटण दाबलं की आत लाल आकडे पेटायचे, बोट काढलं की विझायचे. नंतरच्या प्लास्टिकच्या डिजिटल घड्यांत काळे आकडे दिवसभर दिसत. ही बया दाबल्याशिवाय तोंड उघडत नसे. शेठजी लग्नात, मयतीत, कापसाच्या जिनिंगच्या आवारात, कुठंही कुणी वेळ विचारायची वाट पाहत, आणि कुणी नाहीच विचारली तर स्वतःच "किती वाजले असतील बुवा?" म्हणत बटण दाबत. हौशी माणूस. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

नव्वदच्या दशकात शेठजी गेले आणि पुढं घडीही बंद पडली. सेल बदलायला ती बाबांकडे आली. बाबांनी पाठचं झाकण खोललं, आयग्लास लावून आत पाहिलं, झाकण परत लावलं आणि "आतून गेली, आता नाई होत" असा निरोप देऊन घडी परत केली. मुलानं ती घरातल्या लॉकरमध्ये टाकली. कितीतरी वर्षं तिची कुणाला आठवण नव्हती.

दोन हजार सालानंतर असल्या घड्यांचे शौकीन निघाले. पुण्याचा एक संग्राहक नागपूरला आला होता, तो ही घडी पाहायला हिंगणघाटला आला. माणूस जाणता होता, खोटं कशाला बोलू? त्यानं सांगितलं, केस, म्हणजे बाहेरचं सोनेरी कवच, अस्सल, अगदी सुरुवातीच्या काळातली. पण आतली मशीन तिची नाही. सुरुवातीच्या मशिनीत चिप ज्या पट्टीवर बसते ती पांढऱ्या चिनीमातीची असायची, ही हिरवट. शिवाय चिपवर बारीक आकडे असतात, त्यातल्या पहिल्या दोनांवरून साल कळतं. ते साल केसच्या नंतरचं निघालं. म्हणजे मशीन मागाहून बसवलेली. एवढंच तो बोलला आणि घडी न घेता गेला. कुणी बसवली, कधी बसवली, याबद्दल चकार शब्द नाही. ते दुकानदारानं स्वतःच ठरवलं. घडी कुणाच्या हाती गेली? घडीवाल्याच्या. झालं! तसाच उठला आणि बाबांच्या केबिनसमोर उभा राहून मोठ्यानं बोलला.

"मी नाई बदलवली, भाऊ," बाबा म्हणाले. बस, तेवढंच. मला वाटलं आता उठतील, दोन शब्द सुनावतील. कशाचं काय! मान खाली घालून हातातल्या घडीत चिमटा घातला.

त्यानंतर जे सुरू झालं ते मी विसरणार नाही. ज्या बायका पिशवीतून घडी काढून "सांजेले नेतो" म्हणून निघून जायच्या, त्या आता स्टूल ओढून बसायच्या. एक मास्तर तर काचेला नाक लावून उभे. "आमच्यासमोरच खोला बरं," म्हणे हसत हसत. हसत! मी घरी भांडी आपटत होते आणि बाबा म्हणत होते, "जाऊ दे माय. काऊन डोकं तापवून राह्यली?"

का तापवू नको? मी आयटीआयला रेडिओ-टीव्हीचा कोर्स केला होता, बाबांच्या बाजूला बसून रेडिओ दुरुस्त करत होते. मी सायबर कॅफेत जाऊन त्या जातीच्या घड्यांचे फोटो पाहिले. मशीन केसमध्ये कशी बसते, किती स्क्रूंनी धरलेली असते, सगळं. संग्राहकानं मशीन कधी बनली ते पाहिलं होतं. मला ती केसमध्ये कधी बसली ते पाहायचं होतं. स्क्रू हलवला की खूण राहते, हे बाबांनीच शिकवलेलं.

बाबांना न सांगता मी कापड दुकानात गेले. भर गिऱ्हाइकीत.

"भाऊ, घडी आणा. तुमच्यासमोर खोलते."

त्याला वाटलं बापाची चोरी कबूल करायला आली. लगेच दुकानावरच्या घरात माणूस पाठवून घडी मागवली. मी काउंटरवर पांढरं कापड अंथरलं, झाकण खोललं, आयग्लास डोळ्याला लावला. आत पाहते तर काय! केसच्या कडेपासून मशिनीवर वाळलेल्या सायीसारखा पिवळट थर पसरलेला, सलग, कुठं चीरही नाही. स्क्रूंच्या खाचा लालभडक. नखानं जरा खरवडलं. कुंकू! कुंकू आणि दूध!

डोक्यात एकदम उजेड पडला. यांच्या घरी लक्ष्मीपूजनाला सोनं दुधानं धुवून हळदकुंकू वाहतात. आणि ही सोनेरी, म्हणून हीसुद्धा त्या ताटात. विजेच्या घडीला दुधाची आंघोळ!

"भाऊ, बाबांनी परत दिल्यावर ही कधी पूजेत ठेवली?"

"छे! तेव्हापासून लॉकरमध्येच आहे. कोणी हात नाई लावला."

"मग हे दूधकुंकू बाबांच्या आधीचं. आणि त्याच्याखालचे स्क्रू कोणी हलवलेच नाईत. पाहा, डोळे फाडून पाहा!"

त्यानं पाहिलं. दुकानातल्या नोकरांनीही वाकून पाहिलं. त्याचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात जिन्यावरून त्याची म्हातारी आई उतरली, तिनं सगळं ऐकलं होतं.

"दूध मीच घालत होती," ती म्हणाली. "तुह्ये बाबा गेल्यावरच्या दिवाळीले तर वाटीत बुडवूनच काढली. अन् मशीन अमेरिकेत बदलली. पैले बिघडली होती तवा तुह्या काकाकडे पाठवली होती."

"आई, तू वर जा," तो खेकसला. मग माझ्याकडे वळून म्हणतो, "झालं ना ताई? आम्ही कुठं चोर म्हटलं? गैरसमज होते माणसाचा."

गैरसमज! मी घडी तिथंच उघडी टाकून निघाले.

बाबांना सांगितलं तर ते माझ्यावरच उसळले. "तुले कोणी सांगतलं होतं तिथं जायले? त्या बाईनं मले हात जोडले होते. घडी तिनंच आणली होती. म्हणे, पोराले सांगू नका, बापाची निशाणी बुडवली म्हणून मले जगू नाई देणार. मी शब्द देल्ला होता."

"आणि तुम्हाला चोर म्हटलं, त्याचं काय? तेव्हा आली का ती बोलायला?" मी ओरडले. संतापानं रडायलाच आलं. तिच्या भीतीपायी माझ्या बापानं गावभर मान खाली घालून फिरायचं? त्या रात्री बाबा जेवले नाहीत, मीही नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती म्हातारी रस्ता ओलांडून आली. एकटी, डोक्यावर पदर, गर्दीतून वाट काढत. बाबा ताडकन उभे राहिले.

"बाई, तुम्ही काऊन आल्या?" चारचौघांत त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "तुम्ही नाई यायचं. ज्यानं म्हटलं त्यानं यायचं!"

"येईन तो," ती म्हणाली आणि स्टुलावर बसली. "तो येईपर्यंत मी इथून उठत नाई."

शेठाण्या अशा बाजारात बसत नाहीत. लोक थांबायला लागले. ते नाक लावणारे मास्तरही थांबले. समोरच्या दुकानात तो कापडाचे गठ्ठे उगाच इकडचे तिकडे करत होता. शेवटी आला. हात जोडले आणि गळ्यातल्या गळ्यात काहीतरी पुटपुटला.

म्हातारीनं स्टुलावरून मान वर केली.

"चोर म्हटलं तवा आवाज होता ना तुह्यात? तसा बोल. मोठ्यानं."