पंजाब्याची पाठ

त्याची पाठ मातीला लागली नव्हती, हे मी पाहिले होते. पंच मीच होतो. तरीही मी माझ्या चुलतभावाचा, नामदेवचा, हात वर केला. ती लबाडी माझी होती, म्हणून आधी तीच सांगतो.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेले होते, त्या काळातली ही मेहकरची कुस्त्यांची दंगल. पंजाबातून आलेल्या त्या पहिलवानाला सगळे पंजाब्याच म्हणत. निकाल ऐकून त्याने एकदाच विचारले, "पंच, पाठ लागली?" मी मान फिरवली. लोकांनी त्याला ढेकळे मारली. पुढे कुठल्याच आखाड्यात त्याला जोड मिळेना. हरलेल्या परक्याला पाडून कोणाचे नाव होणार होते?

तो आपल्या मुलखी परतला नाही. मला तर वाटे, माझ्या डोळ्यांत सलायलाच तो थांबला आहे. नदीपलीकडच्या खेड्यांतले आजारी तो पाठीवर घालून मेहकरच्या सरकारी दवाखान्यात आणू लागला. त्यांच्या भाकरीसाठी खळ्याखळ्यावर ज्वारी मागे. बोली त्याने आमचीच उचलली होती, पण बोलणे तुसडे. कोणी पाया पडायला वाकले, की म्हणे, "मले नको. दवाखान्याच्या पायरीले पड."

आमचे गाव नदीपलीकडेच. खळ्यावर तो दिसला, की नामदेव मोठ्याने म्हणे, "पाठ लागलेल्याले काऊन द्यायची बे ज्वारी?" माणसे हसत. मीही हसलो आहे. तो झोळी पसरून तसाच उभा राही. शेवटी वैतागून कोणीतरी सूपभर ज्वारी ओते.

एका पावसाळ्यात माझी आई उलट्यांनी गळून गेली. नदीला पाणी होते, बैल उतरेनात. न बोलावता तो आला, आईला पाठीवर बांधले आणि छातीभर पाण्यात शिरला. मी मागे होतो. पलीकडे पोचेपर्यंत माझ्यासमोर ती पाठच होती.

काठावर मी हात जोडले. तो थुंकला.

"बुढी वाचते तुही. माह्यापाशी हात नको जोडू. दंगलीत बोलला होता, दंगलीतच बोल."

आई वाचली. तरी पुढच्या चार दंगली मी खाली मान घालून काढल्या. पाचव्या वेळी तो आखाड्याच्या कडेला बसून कोणाचा तरी मुरगळलेला हात चोळत होता. नामदेव समोरच होता. मी मातीत उतरलो, ढोल थांबवायला लावला आणि तो निकाल खोटा होता असे सांगितले. पहिले ढेकूळ नामदेवच्या बाजूने आले, माझ्या खांद्यावर फुटले. पंजाब्याने हात चोळणे थांबवले नाही. मी त्याच्याकडे वळलो.

"पयलवान, तुमची पाठ लागली नव्हती. म्या पाह्यलं होतं. मले माफ करा."