नव्या टाकीआधी जुना पाइप

नानांची पहिली ओळख झाली त्या सकाळी मी गावच्या रस्त्यावर पालथा पडून लोखंडी सळीला कान लावला होता. मी नवा सरपंच. वरच्या आळीत पाणी चढत नव्हते, म्हणून नवी टाकी मागावी असे माझे मत. पाणीपुरवठ्याचे निवृत्त अभियंता नाना आमच्या विनंतीवरून धरणगावहून आले होते. त्यांनी गावातले सगळे नळ बंद करवले आणि सळी जमिनीतल्या पाइपावर टेकवली.

"ऐकू येस का?"

"हो नाना, पाणी वाहतंय."

"नळ बठ्ठा बंद शेतस. मंग पानी कोठे जास?"

खणले, तर खाली फुटलेला सांधा.

सरकारचा पैसा आपल्याच घरातून गेलेला असतो, यावर नाना भाषण करीत नाहीत. "बांधल्यावर जपणार कोण?" एवढेच विचारतात. उत्तर नसलेले काम त्यांनी नोकरीत कधी पुढे पाठवले नाही. त्यापायी पुढारी रुसले. तरी नाना कंजूष नव्हेत. सामान उत्तमच घ्यायला लावतात. आमचे फिटर रशीदभाई रोजे धरून खणत, तेव्हा नानांनी ऊन चढण्याआधी काम थांबवले आणि मजुरी पूर्ण दिवसाची द्यायला लावली.

पुढे टाकीही मंजूर झाली. नानांच्या पंचाहत्तरीनिमित्त तिला त्यांचेच नाव द्यावे, असे गावाला वाटले. टाकी रोज पंपाने भरावी लागणार होती. नाना हसले. "नाव मन्हं, ने वीजबिल तुम्हनं?"

टाकीची मंजुरी परत करायचे मी ठरवले आणि ग्रामसभेत तसे बोलूनही दाखवले. पण वरच्या आळीच्या सुमनअक्कांनी मारुतीच्या पायरीवरच गाठले. "टाकी परत करस, ते मन्हा हंडा आते तूच भर!"

सगळे हसले. मला हसू आले नाही. नाना म्हणतात तसा जुना पाइप बदलूनही पाणी चढले नाही तर अक्कांना काय तोंड दाखवू? मंजुरी परत करण्याचा कागद तसाच पडून राहिला.

या उन्हाळ्याआधी रशीदभाईंनी वरच्या आळीचा जुना पाइप बदलला. परवा मारुतीला पाणी घालून परतत होतो, तर अक्का नळाशी उभ्या.

"हंडा भरना," भरलेला हंडा उचलत त्या म्हणाल्या. "आते तू सुटना."

मारुतीराय नानांना निरोगी शंभरी देवो आणि त्यांचे कान असेच तीक्ष्ण ठेवो. खालच्या आळीचे पाइप अजून ऐकायचे आहेत. नानांच्या नावाची टाकी मात्र आमच्या गावात होणार नाही. मंजुरी परत करण्याचा ठराव मी काल स्वतः तालुक्याला नेऊन दिला.