वैशाली गायकवाड यांचं प्रोफाइल

मशिन पार्ट मोजत होतं, पण रिपोर्ट सेव्ह होत नव्हता. डिस्क फुल. दुसऱ्या दिवशी कस्टमरचं ऑडिट होतं आणि क्वालिटी मॅनेजर कुलथे सर माझ्या खुर्चीमागे उभे होते.

"मॅडम, जे सोडून गेलेत त्यांचं सगळं उडवून टाका."

"बघते, सर."

चाकणच्या या कंपनीत मी आयटी सांभाळते. गाड्यांचे छोटे पार्ट बनवतो आम्ही. पार्ट मोजायच्या लॅबमधला तो एकच कॉम्प्युटर तिन्ही शिफ्टची माणसं वापरतात. प्रत्येकाचं अकाउंट वेगळं. अकाउंट म्हणजे आत यायची परवानगी, नाव आणि पासवर्ड. माणूस पहिल्यांदा आत आला की कॉम्प्युटर त्याला एक खोली करून देतो. त्याच्या फाइली, त्याचा डेस्कटॉप तिथे. ते प्रोफाइल. माणूस नोकरी सोडतो तेव्हा आम्ही अकाउंट बंद करतो. खोली सामानासकट तशीच राहते. अशा सव्वीस निघाल्या.

एकेक उघडायची, कामाचं काही असलं तर सर्व्हरवर कॉपी करायचं, मग सिस्टिम सेटिंगमधून डिलीट. नुसता फोल्डर उडवला तर विंडोजच्या नोंदी मागे राहतात आणि पुढे त्रास देतात. एकाकडे मुलीच्या बारशाचे चारशे फोटो होते. ते पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवले.

बाविसावं प्रोफाइल वैशाली गायकवाड यांचं. त्यांना नोकरी सोडून वर्ष झालं होतं. पण एका एक्सेल फाइलची तारीख आजची होती, सकाळी सव्वासातची.

शेजारी पार्ट तपासणारे इन्स्पेक्टर प्रल्हादभाऊ होते. त्यांना विचारलं.

"ती व्हय? गेजची शीट हाय मॅडम. आमी रोज तीच भरतो. समद्यांच्या डेस्कटॉपवर तिचा आयकॉन हाय की."

गेज म्हणजे माप तपासायची साधनं. ती स्वतः बरोबर आहेत का, हेही ठराविक दिवसांनी तपासावं लागतं. ऑडिटर आधी तेच मागतो. सगळ्या गेजची नोंद त्या एका फाइलीत होती आणि दुसरी कॉपी कुठेच नव्हती. मी माउसवरचा हात काढला.

फाइल सर्व्हरवर नेली, आयकॉन तिकडे वळवला. उघडली तर अर्ध्या रकान्यांत एरर.

"सर, त्यांना फोन करावा लागेल."

प्रल्हादभाऊ हळूच म्हणाले, "सासऱ्याला पॅरालिसिस झाला तवा रोज दिवसाची जनरल शिफ्ट मागितली होती तिनं. सरांनी न्हाई दिली."

मी नंबर काढला. सरांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि स्पीकरवर टाकला.

"वैशाली मॅडम, कुलथे बोलतोय. गेजची शीट अडलीय."

पलीकडून त्या म्हणाल्या, "मास्टर नावाची फाइल माझ्या डेस्कटॉपवर आहे सर. ती शीटच्या शेजारीच ठेवावी लागते. आणि अठरा नंबरच्या गेजची तारीख बघा. ती हाताने भरावी लागते, सगळे विसरतात."

मास्टर शेजारी ठेवली. एरर गेले. अठरा नंबरची मुदत कालच संपली होती. प्रल्हादभाऊ उठून गेले आणि तो गेज लाइनवरून काढून आणला.

"सासरे कसे आहेत?" सरांनी विचारलं.

"आता काठी घेऊन चालतात."

"तेव्हा माझं चुकलं. जनरल शिफ्टला जागा आहे. याल का?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग त्यांनी विचारलं, "तळेगावहून कंपनीची बस हल्ली कुठून सुटते, सर?"

ऑडिट पार पडलं. पुढच्या महिन्यात वैशाली मॅडम रुजू झाल्या. मी विचारलं, जुनं अकाउंट चालू करू की नवं काढू?

"नवंच काढा. जुन्याचा पासवर्ड कुणाला आठवतोय!"

आता कुणी नोकरी सोडणार असलं की शेवटच्या दिवशी मी त्याच्या शेजारी जाऊन बसते आणि विचारते, तुम्ही गेल्यावर इथे तुमचं काय काय चालू राहणार आहे? दहा मिनिटं लागतात. बहुतेक जण आधी म्हणतात, काहीच नाही.