ज्वारीच्या कोठीतल्या गोळ्या

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, सख्ख्या बहिणीला नाही. आत्ताही दार लावून घेतलंय — इतकी वर्षं झाली तरी भीती जात नाही, काय करू?

बाजारहत्नूरला आमचं औषधांचं दुकान होतं. माल आणायला हे आदिलाबादला जायचे, गल्ल्यावर मी बसायचे. आमच्या लेकीला, सुमनला, फिट यायच्या. गावात कुणाला कळू दिलं नव्हतं — पुढे तिचं लग्न व्हायचं होतं ना. रोजची गोळी न चुकता घेतली की ती चारचौघींसारखी असायची. गोळी स्वस्त होती, आपल्याच इकडच्या कंपनीची.

नव्वदनंतरची वर्षं ती. रेडिओवर सारखं पेटंटचं चाललेलं. एकदा औषध कंपनीचा माणूस दुकानात बसून म्हणाला, परदेशी औषधं आपले लोक वेगळ्या रीतीने बनवून स्वस्तात विकतात, नव्या कायद्याने ते सगळं बंद होणार. चहा पिऊन तो गेला. सुमनला पुन्हा जमिनीवर तडफडताना बघायचं? त्याच दुपारी मी त्या गोळ्यांचे सगळे डबे घरात नेले आणि ज्वारीच्या कोठीत तळाशी दडपले. ह्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, खपले.

तीच गोळी आणखी एक माणूस घ्यायचा. नामदेव, नाल्यापलीकडच्या गावचा, कापूस करणारा. न्यायला त्याची बायको यायची, गंगाबाई. पावसाची झड लागली होती, आदिलाबादची बस बंद. ती भिजत आली.

"वैनी, मालकाच्या गोळ्या द्या जी. कालच सरल्या."

मी — नाहीत म्हणाले. कंपनीनेच बंद केल्या, नवा कायदा आलाय, म्हणाले. तिच्या तोंडाकडे बघून म्हणाले. एक पट्टी दिली असती तर काय बिघडलं असतं? आणि गोळी एकदम तुटली की काय होतं, हे त्या गावात माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

झड ओसरायच्या आत नामदेवला विहिरीच्या काठावर फिट आली. बाहेर काढला तेव्हा तो गेलेला होता.

गोळ्या बंद झाल्याच नव्हत्या. बस सुरू झाली तसा नवा माल आला — तीच कंपनी, तीच लाल पट्टी. ह्यांनी फळीवर लावून ठेवला. तेरावं झाल्यावर गंगाबाई सासूसाठी तापाचं औषध न्यायला आली. मला वाटलं, हिला कळलंय. मी त्या फळीपुढे उभी राहिले.

"तुमी तरी काय करसान वैनी," ती म्हणाली, "कंपनीनंच बंद केल्या त."

जाताना तिने सुमनच्या गालावरून हात फिरवला. ती वळणाआड जाईपर्यंत मी फळीपुढून हलले नाही.

कोठीतल्या गोळ्या पुढे बरेच दिवस पुरल्या. शेवटच्या पट्टीपर्यंत मीच त्या सुमनच्या हातावर ठेवत गेले.