आठ रांगांची पंगत

प्रतीक्षानं जन्मात कोणाला 'नाही' म्हटलं नव्हतं. मनात 'नाही' यायचं, पण जिभेवर येईपर्यंत त्याचं 'बरं' व्हायचं. कॉलेजात तिनं तीन मैत्रिणींच्या प्रॅक्टिकलच्या वह्या लिहून दिल्या आणि स्वतःची कोरी राहिली म्हणून मास्तरांची बोलणी खाल्ली. मास्तर म्हणाले, पुन्हा असं करू नकोस. ती म्हणाली, "बरं सर."

पातूरच्या भाजीवाल्या माळ्याची ही लेक अमरावतीच्या एका डेटा सेंटरात नेटवर्क इंजिनिअर होती. आजूबाजूच्या दवाखान्यांतले स्कॅन तिथं साठवले जायचे. यंदा माहितीची वाहतूक वळवणाऱ्या नव्या पेट्या, म्हणजे स्विच, आले आणि सोबत पुण्याच्या मुख्य कचेरीचं फर्मान आलं: स्कॅनचं एकही पॅकेट, म्हणजे माहितीचा एकही तुकडा, वाटेत सांडता कामा नये. सोमवारी अकराला चाचणी. जमलं तर काम अमरावतीत राहील. नाही जमलं तर स्विच पुण्याहून चालतील आणि प्रतीक्षाही पुण्याला जाईल. एकदा सहा महिने ती तिथं राहून आली होती. दर रविवारी पातूरला जाऊन आईच्या हातचं खाल्ल्याशिवाय तिचा आठवडा सुरूच होत नसे, त्यामुळे ते सहा महिने तिला एकच लांबलचक सोमवार वाटले होते.

काम तसं अवघड नव्हतं. स्विचमध्ये पॅकेटांच्या आठ रांगा असतात. त्यातल्या एखाद्या रांगेला वचन देता येतं, की तुझं काही सांडू देणार नाही. मग पुढच्या स्विचची जागा भरत आली, की तो मागच्याला सांगतो, या रांगेचं जरा थांबव. बाकीच्या रांगा चालूच राहतात. गर्दीत त्यांचं एखादं पॅकेट पडलंच, तर पाठवणारा पुन्हा पाठवतो. वचन फक्त स्कॅनच्या रांगेला द्यायचं, की झालं.

पण ऑफिसात बातमी फुटली. कॅमेरेवाले आले, हजेरीच्या मशीनवाले आले, बिलिंगवाले आले. कॅन्टीनवाल्यानं तर आपल्या गाण्यांच्या स्पीकरसाठी शब्द टाकला आणि वर एक आलूबोंडा जास्तीचा दिला. शेवटी सेंटरचे मॅनेजर बापूसाहेब आले. वकिलांच्या घराण्यातला माणूस, मागणंसुद्धा अदबीनं मागायचा.

"प्रतीक्षा, आमच्या व्हिडिओ कॉलचंही जरा बघशील?"

"बरं साहेब."

असं करता करता आठही रांगांना वचन देऊन झालं. शुक्रवारी तिनं ऑफिसातल्या ऑफिसात चाचणी घेऊन पाहिली. स्कॅनची रांग तुंबली, कॅमेऱ्यांची तुंबली, प्रत्येक स्विच मागच्याला 'थांब' म्हणत गेला आणि पाच मिनिटांत सगळं नेटवर्क चिडीचूप झालं. एकही पॅकेट सांडलं नाही, कारण एकही पॅकेट हललंच नाही. बापूसाहेब पुण्याच्या पडद्यावर आ वासून गोठले ते तसेच राहिले.

चूक तिला कळत नव्हती असं नाही. पण सात जणांच्या दारी जाऊन 'तुमचं काढलं' म्हणायचं कोणी? त्यापेक्षा तिनं सगळा शनिवार आकडे इकडचे तिकडे करण्यात घालवला. खाटल्यावर आठ जण झोपवायचे आणि कोणाचाच पाय बाहेर येऊ द्यायचा नाही, असला तो खटाटोप. आठ काही मावले नाहीत.

रविवारी पातूरला मळ्यात रोडग्यांचं जेवण होतं. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण, तूप. वाढायची सगळी व्यवस्था तिच्या आईकडे, म्हणजे बेबीताईकडे. तिचा कायदा एकच: कोणाचं पान टाळून पुढं जायचं नाही. प्रतीक्षाही लहानपणापासून याच कायद्यात वाढलेली. वाढपी एकामागे एक निघाले आणि मध्येच सगळी ओळ थांबली. तिचे वडील उत्तमराव शेजाऱ्याला कसलासा किस्सा सांगत होते. वरणाचा ओघळ पत्रावळीच्या काठाशी आला तसे त्यांनी दोन्ही हात पानावर आडवे धरले आणि किस्सा चालू ठेवला. वरणवाला थांबला, त्याच्यामागे भाजीवाला, त्याच्यामागे तूपवाला, पापडवाला, थेट चुलीपर्यंत. पुढची पंधरा माणसं रिकाम्या पानांकडे बघत बसली.

बेबीताई तिकडून कडाडली, "अवं, साऱ्याइले काहून अडवून राह्यले तुमी? वरण सांडते, त वरणाले हात दाखवा ना! पापड कुठं सांडते? मोडलाच त दुसरा देऊ."

उत्तमरावांनी मुकाट्यानं एक हात काढला, दुसरा नुसता वरणापुढे धरला. ओळ पुन्हा चालू लागली.

प्रतीक्षाचा घास हातातच राहिला. आईनं आत्ता सरळसरळ वरणाला 'नको' म्हणायला सांगितलं होतं, चारचौघांत, आणि कोणालाही राग आला नव्हता. वरणवाला तर हसतच पुढच्या पानावर गेला.

सोमवारी सकाळी तिनं सात रांगांचं वचन काढलं आणि सातही जणांना स्वतः जाऊन सांगितलं. शेवटी ती बापूसाहेबांपुढे उभी राहिली.

"साहेब, तुमचा कॉल पापडात टाकला."

"म्हणजे?"

"मोडला त दुसरा येईल."

बापूसाहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

अकराला चाचणी सुरू झाली. स्कॅनची रांग भरली, क्षणभर थांबली, पुन्हा वाहिली. बाकीच्या सात रांगा आपल्या चालत राहिल्या. स्कॅनचं एकही पॅकेट सांडलं नाही. बापूसाहेबांच्या कॉलमधला एखादा शब्द गिळला गेला, पण एरवीही त्यांचे चार शब्द कमी झाले तर कोणाचं अडत नसे.

पुण्याच्या प्रमुख निधी मॅडमचा फोन लगेच आला. "फारच छान! आमच्याकडेही अगदी हाच घोळ आहे गं, सगळं अडकून पडतं. तू पुण्यालाच ये कायमची, पुढच्या महिन्यापासून. येशील ना?"

नापास झाली तरी पुणं आणि पास झाली तरी पुणंच! 'बरं मॅडम' जिभेच्या टोकाशी आलं. समोर बापूसाहेब बघत होते. प्रतीक्षाचं लक्ष आपल्या उजव्या हाताकडे गेलं. तो टेबलावर, पानावर धरावा तसा, आडवा झाला होता.

"नाही मॅडम," ती म्हणाली. "मी यायची नाही. तुमचं काम इथूनच करून देईन."

निधी मॅडम म्हणाल्या, "चालेल की."

एवढंच असतं होय, असं प्रतीक्षाला वाटलं, आणि बापूसाहेबांसमोर तिला एकदम रडू फुटलं.