चार मुखवट्यांचं वर्ष

"यंदा महालक्ष्म्यांले आम्ही येतो," असं मोठ्या जाऊबाईंनी अमेरिकेहून फोनवर सांगितलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. नव्वदच्या सुमारास ते लोक तिकडे गेले. त्यानंतर आले ते हिवाळ्यात, कुणाच्या तरी लग्नाच्या निमित्तानं. भाद्रपदातल्या चिखलात आणि डासांत, लेकीची शाळा बुडवून कोण येतं? कुठेतरी पाणी मुरत होतं.

आमच्यात महालक्ष्म्या थोरल्याच्या घरी बसतात. दीर परदेशी गेले म्हणून सासूबाईंनी दोन्ही पितळी मुखवटे आमच्या बोरगाव मेघेच्या घरी आणून दिले. "सांभाळ," म्हणाल्या. "घे," असं काही म्हणाल्या नाहीत. पुढे त्या गेल्या आणि तो शब्द तसाच राहिला. दरवर्षी सोळा भाज्या, आंबील, पुरण मी केलं. एक वर्ष ताप अंगात असताना केलं. पण उद्या जाऊबाईंनी "दे" म्हटलं असतं, तर मला मुकाट्यानं द्यावं लागलं असतं. हक्क त्यांचा होता, आणि याचाच मला राग होता.

आल्या त्या दिवशी चहाचा कप खाली ठेवायच्या आत त्यांनी विचारलं, "मुखवटे कुठं हाय वं?" त्यांची एक मोठी बॅग जवळपास रिकामी होती, तेही मी पाहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्या आमच्या ह्यांना घेऊन नागपूरला गेल्या आणि संध्याकाळी दोन नवे मुखवटे घेऊन परतल्या. तेच माप, तेच नाक, कपाळावर तशीच टिकली. माप दिलं कोणी? ह्यांनीच! महिनाभर आधी, मी माहेरी आष्टीला गेले असताना. मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

"नव्या मुखवट्याईले एकदा जुन्यासंगं बसवा लागते," हे म्हणाले. "त्याशिवाय मान भेटत नाई. मंग वहिनी घेऊन जाईन."

"कोनत्या घेऊन जाईन त्या?"

"नव्या. अजून कोनत्या?" असं म्हणून हे पायातली चप्पल शोधायला लागले. मी यांना लग्नापासून ओळखते. अडचणीत आले की यांची चप्पल हरवते.

मी मनाशी पक्कं केलं. जुन्या तिकडे जाणार आणि ही चकचकीत भांडी माझ्या गळ्यात बांधणार. मुखवटे घासले की दोन्ही जोड सारखेच दिसले असते. म्हणून मी जुन्यांच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असा, लाल दोरा बांधला.

आता पुतणीचं सांगते. सतरा वर्षांची पोर, जीन्स घातलेली, आणि बोलायची कशी, तर थेट माझ्या सासूबाईंसारखी! "काकू, मले चहा नको, मी आत्ताच पेऊन राह्यली होती." जाऊबाई इथून जी बोली घेऊन गेल्या, तीच तिकडे घरात टिकली होती. इथे माझा मुलगा कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तो अर्धं हिंदीत आणि उरलेलं पुस्तकी मराठीत बोलायचा. महालक्ष्म्या घरात आणताना जाऊबाईंनी विचारलं, "महालक्ष्मी आली, कशाच्या पावलानं आली?" पुतणी ठसक्यात म्हणाली, "सोन्यामोत्याच्या पावलानं!" माझा मुलगा मोबाईलकडे बघत होता. आलेल्या बायकांनी पोरीचं फार कौतुक केलं. मला मात्र वाटलं, हिला पढवून आणलंय. पोरीचं बोलणं ऐकून आम्ही विरघळावं आणि हातातलं सोडून द्यावं.

शिवाय ती आणि माझा मुलगा गच्चीवर तासन्‌तास कुजबुजायचे. मी वाळलेले कपडे काढायला गेले की गप्प. याचाही अर्थ मी लावून ठेवला होता. पोराला आपल्या बाजूला वळवणं चाललं होतं.

सणाच्या तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या हलवल्या. चारही मुखवटे जाऊबाईंनी स्वतः उतरवले. पुसता पुसता त्यांचा हात थांबला.

"हा दोरा काऊन बांधला?"

"दृष्ट लागू नये म्हनून."

"आतून?" त्यांनी मुखवटा उलटा करून माझ्यापुढे धरला. "ओळखू यावं म्हनून बांधला तू."

मग मीही मागे हटले नाही. "व्हय. जुन्या तुमच्या हक्काच्या हाय, ताई. तुम्ही त्याच नेनार, हे मले फोन आला तवाच समजलं."

"त्याच न्यायचं ठरवलं होतं," त्या म्हणाल्या. माझा अंदाज खरा होता, पण मला आनंद झाला नाही. "मंग मी पोरीले विचारलं, माह्यामागं तू बसवशीन का? ती म्हने, आई, खोटं नाई बोलत, मले नाई जमनार. बोलाले सगळं बोलते वं ती. पन माह्यामागं ह्या तिथं एखाद्या खोक्यात पडून राह्यतीन. नव्या पडल्या त पडल्या. सासूबाईच्या हातच्या नाई पडू देनार मी. तुह्या घरी पोरगा हाय. उद्या सून येईन. इथंच राहू दे."

त्यांनी जुने मुखवटे माझ्या ओटीत घातले. मला रडू आलं. माझ्या त्या झाल्या, याचंच ते रडू होतं, दुसरं काही नव्हतं.

ते लोक गेल्यावर मुखवटे पेटीत ठेवायला मी मुलाला हाक मारली. तो पेटी खाली उतरवत असताना सहज विचारलं, "गच्चीवर काय एवढं चालायचं रे तुमचं?"

"तिकडच्या कॉलेजांचं, मम्मी. मास्टर्ससाठी. आणि जमलं तर तिकडेच नोकरी. बाबांना माहीत आहे." मग जरा थांबून म्हणाला, "मोठीआईला सांगू नकोस. तिची मुलगीच म्हणाली, माझ्या आईला आत्ता कळलं तर मुखवटे कुठे ठेवावे ते तिला सुचणार नाही."

मी मुखवटे आत ठेवले आणि पेटीला कुलूप लावलं. जाऊबाई आल्यापासून ही किल्ली मी त्यांच्या हाती लागू नये म्हणून पदराला बांधून हिंडले होते. आता ती पुढे कोणाच्या हातात द्यायची, ते मला कळेना.